वायफायवाल्या टॅबलेटला बाहेरचा जीपीएस जोडून बिननेटचा नकाशा कसा चालवायचा

घरी सोफ्यावर बसून टॅबलेट उघडला की निळा ठिपका बरोब्बर आपल्या बिल्डिंगवर दिसतो, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की टॅबलेटमध्ये जीपीएस आहेच. मग गाडी कसारा घाटात शिरते, रेंज जाते आणि ठिपका इगतपुरी येईपर्यंत शहापूरलाच बसून राहतो. असं का होतं ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. मुंबईत तुमच्या आजूबाजूला ढीगभर वायफाय राउटर असतात, टॅबलेट त्यांचे आयडी गूगलला किंवा ॲपलला पाठवून विचारतो की मी कुठेय, आणि उत्तर नेटवरून येतं. नेट नाही, राउटर नाहीत, तर उत्तर नाही. जीपीएस ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्याला नेट लागत नाही, सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही, तो २०,२०० किलोमीटर वरच्या सॅटेलाइटचं नुसतं ऐकतो.

म्हणजे आपल्याला दोन वेगवेगळ्या गोष्टी जमवायच्या आहेत, एक म्हणजे "मी कुठेय" हे सांगणारा रिसीव्हर आणि दुसरी म्हणजे टॅबलेटमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. लोक यातली एकच करतात आणि मग दोष दुसऱ्यावर ढकलतात.

पैसे खर्च करायच्या आधी बघा की तुम्हाला बाहेरचा रिसीव्हर लागतोय का. आयपॅडचं सोपंय, फक्त वायफायवाल्या एकाही मॉडेलमध्ये जीपीएस नसतो आणि सिमवाल्या सगळ्या मॉडेलमध्ये असतो, सिम न घालताही चालतो. अँड्रॉइडमध्ये मात्र गंमत आहे, वायफायवाल्या कितीतरी टॅबलेटमध्ये पण जीपीएस चिप असते आणि मालकाला माहीत नसतं. जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप टाका, गच्चीवर जा, एअरप्लेन मोड चालू करा, लोकेशन चालू ठेवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. सॅटेलाइटची यादी दिसायला लागली आणि फिक्स मिळाला, म्हणजे जागा सापडली, तर अभिनंदन, रिसीव्हरचा भाग सोडून थेट नकाशाच्या भागावर उडी मारा. खिडकीतून टेस्ट करू नका प्लीज, आपल्या खिडक्यांना ग्रिल, वर पत्र्याची शेड, समोर दुसरी बिल्डिंग, त्यात आकाश उरतं किती.

अजून एक फुकटचा रस्ता आहे. खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये चांगला जीपीएस आहेच, शेअरजीपीएससारखं ॲप फोनवर टाकलं की फोन स्वतःच ब्लूटूथ रिसीव्हर बनतो आणि अँड्रॉइड टॅबलेटला लोकेशन पुरवतो. मग टॅबलेट कशाला, फोनवरच बघ की, असं कोणीतरी म्हणणारच. पण चाळिशी लागलेल्याला दहा इंचाच्या स्क्रीनवर घाटाची वळणं दिसतात ती फोनवर दिसत नाहीत, आणि पुढच्या सीटवर बसून रस्ता सांगणाऱ्याला अख्खा तालुका एका नजरेत लागतो. फक्त फोनची बॅटरी दणादण उतरते. एका दिवसाच्या ट्रिपला हे पुरे आहे, कोकणात आठवडाभर फिरायचं असेल तर वेगळा रिसीव्हर घ्या.

घ्यायचा कुठला, तर इथे आयपॅडवाले आणि अँड्रॉइडवाले यांचे रस्ते वेगळे होतात.

आयपॅडला कुठलाही स्वस्तातला ब्लूटूथ जीपीएस चालत नाही, ॲपलचं सर्टिफिकेशन असलेलाच लागतो. गार्मिन ग्लो २, ड्युअलचे एक्सजीपीएस १५० आणि १६०, बॅड एल्फचे रिसीव्हर, ही त्यातली माहितीतली नावं. हे मुळात छोटी विमानं उडवणाऱ्या पायलट लोकांमुळे खपतात, ते आयपॅडवर नकाशे बघतात ना, म्हणून किंमतही हजारांत असते. पण जोडणं एकदम सरळ, सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ, पेअर, झालं, मग सगळ्या ॲप्सना आपोआप तेच लोकेशन मिळतं. ग्लो २ सेकंदाला १० वेळा जागा सांगतो आणि बॅटरी सुमारे १३ तास जाते. लायटनिंग पिनचा आयपॅडमध्ये खोचायचा रिसीव्हर सेकंडहँडमध्ये दिसला तर घ्यायच्या आधी आपल्या आयपॅडचं भोक बघा, टाइप-सीवाल्यात तो जाणार नाही.

अँड्रॉइडला मात्र मोकळं रान आहे. ब्लूटूथवाला कुठलाही साधा रिसीव्हर चालतो, ओटीजी केबल (टॅबलेटला यूएसबीच्या वस्तू जोडायची केबल) लावून यूएसबी डोंगल पण चालतं. यू-ब्लॉक्स ७ चिपचं अंगठ्याएवढं डोंगल किंवा नुसतं निओ-६एम मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं, लॅमिंग्टन रोडला रोबोटिक्सचे पार्ट विकणाऱ्या दुकानांत विचारा. पण मॉड्यूल म्हणजे उघडा बोर्ड असतो, त्याला वेगळा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लागतो, सोल्डरिंगची आवड असेल तरच त्या वाटेला जा. माझं मत विचाराल तर गाडीसाठी ब्लूटूथच घ्या, कारण यूएसबी डोंगल लावलं की चार्जिंगचं भोक अडतं आणि नकाशा सतत चालू असलेला टॅबलेट चार्जिंगशिवाय पुण्याच्या पुढे फार टिकत नाही. एकाच वेळी चार्जिंग आणि ओटीजी करणारे हब मिळतात, पण ते प्रत्येक टॅबलेटला मानवतीलच असं नाही, दुकानातच लावून बघा.

जुना ब्लूटूथ रिसीव्हर कपाटात पडलेला असेल, नोकियाच्या जमान्यातला, तर तोही चालू शकतो. फक्त एक लक्षात ठेवा, जीपीएसचा आठवड्यांचा काउंटर १०२४ आठवडे भरले की परत शून्यावर येतो आणि असं शेवटचं ६ एप्रिल २०१९ ला झालं. अपडेट न मिळालेले काही जुने रिसीव्हर त्यानंतर जागा बरोबर दाखवतात पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची. रस्ता बघायला काही बिघडत नाही, पण ट्रॅक रेकॉर्ड करून ठेवायची सवय असेल तर वैताग येतो.

बॉक्सवर नाविक लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. इस्रोची ती जीपीएससारखी सिस्टीम आपली आहे, अभिमान आहेच, पण सुरुवातीचे नाविक सॅटेलाइट एल५ आणि एस बँड या वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर बोलतात, आणि साध्या रिसीव्हरांना कळणारा एल१ सिग्नल २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून सुरू झाला. गाडीच्या कामाला जीपीएस अधिक रशियाचं ग्लोनास किंवा युरोपचं गॅलिलिओ एवढं असलं की झालं.

आणि हो, परदेशातून कोणाकडून मागवताना जरा जपून. नुसता ऐकणारा जीपीएस रिसीव्हर ठेवायला काही अडचण नाही, पण गार्मिन इनरीचसारखी सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी यंत्रं किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, एअरपोर्टवर लोक अडकलेत. दिसायला दोन्ही सारखेच छोटे डबे असतात, ऑर्डर देण्याआधी नीट वाचा.

आता अँड्रॉइडची जोडणी, इथे थोडा धीर लागतो. आयपॅडसारखं आपोआप होत नाही कारण अँड्रॉइड बाहेरच्या जीपीएसला थेट ओळखत नाही, मध्ये एक ॲप लागतं जे रिसीव्हरचं ऐकून टॅबलेटला सांगतं की हे घे तुझं लोकेशन. ब्लूटूथसाठी ब्लूटूथ जीएनएसएस किंवा ब्लूटूथ जीपीएस नावाची ॲप्स आहेत, यूएसबीसाठी वेगळी मिळतात.

सेटिंग्जमध्ये अबाउट टॅबलेट उघडा, बिल्ड नंबर शोधा, सॅमसंगमध्ये तो सॉफ्टवेअर इन्फर्मेशनच्या आत लपलेला असतो, त्यावर सात वेळा टकटक करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात सिलेक्ट मॉक लोकेशन ॲप (टॅबलेटला बाहेरून लोकेशन देणारं ॲप निवडायचं सेटिंग) असं असेल, तिथे तुमचं जीपीएस ॲप निवडा. डेव्हलपर ऑप्शन्समधल्या बाकीच्या कशालाही हात लावू नका. मग रिसीव्हर चालू करून ब्लूटूथमध्ये पेअर करा, पिन मागितला तर ०००० नाहीतर १२३४ यातला एक चालतोच बहुतेक. ॲप उघडा, रिसीव्हर निवडा, कनेक्ट करा. अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर निअरबाय डिव्हाइसेसची परवानगी मागेल, ती द्या, नाही दिली तर यादी रिकामीच दिसते आणि माणूस उगाच रिसीव्हरला शिव्या घालतो. शेवटचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं म्हणजे बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपला अनरिस्ट्रिक्टेड करा, नाहीतर तुम्ही नकाशा उघडलात की मागच्या मागे सिस्टीम ते ॲप झोपवते आणि ठिपका अर्ध्या रस्त्यात थिजतो. लोकेशन ॲक्युरसी नावाचं गूगलचं जे सेटिंग आहे ते पण बंद करा, चालू राहिलं तर वायफायचं लोकेशन आणि रिसीव्हरचं लोकेशन यांची भांडणं होतात आणि ठिपका बेडकासारखा उड्या मारतो.

यूएसबीवाल्यांना बॉड रेट, म्हणजे रिसीव्हर किती वेगाने बोलतो ते, विचारला जाईल. जुन्या ग्लोबलसॅटसारख्यांना ४८००, यू-ब्लॉक्स ६-७-८ ला ९६००, नव्या पिढीतल्या बऱ्याच चिपना ३८४००. चुकीचा टाकला तर स्क्रीनवर कचरा अक्षरं दिसतात, बरोबर टाकला तर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी धावायला लागतात.

त्या ओळी बघून घाबरू नका, उलट काही बिघडलं तर तिथेच उत्तर असतं. आरएमसी नावाची ओळ शोधा, त्यात वेळेनंतर एक अक्षर असतं, ए असेल तर रिसीव्हरला जागा सापडलीय, व्ही असेल तर अजून शोधतोय. म्हणजे ए दिसतंय तरी नकाशा हलत नाही, तर भानगड टॅबलेटच्या सेटिंगमध्ये आहे, आणि व्ही दिसतंय तर सेटिंगशी खेळू नका, रिसीव्हर उघड्यावर ठेवा. वेळ साडेपाच तास मागे दिसेल, ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, बरोबर आहे ती. अजून एक खोच, तिथे अक्षांश अंश आणि मिनिटात असतो, सीएसएमटीला उभे असाल तर १८५६.४ असं काहीतरी दिसेल, म्हणजे १८ अंश ५६.४ मिनिटं, म्हणजे दशांशात १८.९४. कोणी ते १८.५६४ समजून आणि रेखांशही तसाच वाचून नकाशात टाकलं तर माणूस अलिबागच्या खाली भर समुद्रात जातो.

जीपीएसटेस्टमध्ये सॅटेलाइट शोधत बसू नका आता. ते ॲप टॅबलेटच्या आतल्या चिपचे सॅटेलाइट दाखवतं, बाहेरच्या रिसीव्हरचे नाही, ते बघायचे तर जोडणीच्याच ॲपमध्ये बघा.

पहिल्यांदा चालू करताना रिसीव्हरला गच्चीवर पंधरा मिनिटं नुसता पडू द्या. फोन पटकन जागा पकडतो कारण सॅटेलाइट कुठे आहेत ही माहिती त्याला नेटवरून आयती मिळते, बाहेरच्या रिसीव्हरला ती सॅटेलाइटकडूनच ऐकावी लागते. प्रत्येक सॅटेलाइट आपला स्वतःचा हिशोब दर ३० सेकंदांनी सांगतो आणि सगळ्यांचं मिळून पंचांग पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. एकदा ऐकलं की त्याच दिवशी पुन्हा चालू केल्यावर पटकन पकडतो. म्हणून ट्रिपच्या दिवशी गाडी सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमधून काढून निघायच्या घाईत रिसीव्हर चालू करण्यापेक्षा, आधी बाहेर रस्त्यावर गाडी उभी असताना चालू करा, सामान भरेपर्यंत तो तयार होतो.

नकाशाचं बघू. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ओएसएमअँड ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतात, महाराष्ट्र उतरवून घेतला की शोध, रस्ता, आवाजी सूचना सगळं बिननेटचं चालतं. ऑर्गॅनिक मॅप्स साधं आणि फुकट, आईबाबांच्या हातात द्यायला तेच बरं. ओएसएमअँडमध्ये सेटिंगचं जंगल आहे आणि प्लेस्टोअरच्या फुकट आवृत्तीत नकाशे उतरवायला मर्यादा आहे, पण घाटातले उंचीचे पट्टे, जीपीएक्स फाइल (कोणीतरी रेकॉर्ड केलेली वाट) लावणं, ट्रॅक रेकॉर्ड करणं हे सगळं त्यात चांगलं जमतं, ट्रेकवाल्यांनी तेच घ्यावं. गुजरात किंवा गोव्याच्या हद्दीजवळ जाणार असाल तर शेजारचं राज्यही उतरवा, हद्द ओलांडल्यावर स्क्रीन कोरी होते. गूगल मॅप्समध्ये पण चौकोन आखून भाग सेव्ह करता येतो, गाडीचा रस्ता ऑफलाइन मिळतो पण चालत जायचा मिळत नाही, आणि सेव्ह केलेला भाग अपडेट न करता पडून राहिला की त्याची मुदत संपते, म्हणून निघायच्या आदल्या रात्री वायफायवर एकदा उघडून बघा.

ट्रॅफिक यातलं काहीच बिननेटचं सांगू शकत नाही हे ध्यानात असू द्या. त्यामुळे अंधेरी ते ठाणे संध्याकाळी सात वाजता जायचंय तर हा सगळा खटाटोप बाजूला ठेवा आणि फोनवर नेट चालू करून बघा. बिननेटचा नकाशा कामाला येतो तो माळशेज, ताम्हिणी, वरंधा, आंबोलीसारख्या ठिकाणी, कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर.

तालीम मात्र मुंबईतच करा, आणि एअरप्लेन मोड टाकून वरून फक्त ब्लूटूथ चालू ठेवून करा, म्हणजे नेटची चोरवाट बंद होते. मरीन ड्राइव्हला एका बाजूला पूर्ण मोकळं आकाश असतं, तिथे ठिपका कसा वागतो ते बघा, उघड्यावर चार-पाच मीटरच्या आत जागा आली पाहिजे. मग लोअर परळच्या किंवा बीकेसीच्या काचेच्या टॉवरमधून जा. तिथे सिग्नल काचांवर आपटून उशिरा पोचतो आणि ठिपका बाजूच्या रस्त्यावर किंवा थेट टॉवरच्या पोटात दिसतो. हा रिसीव्हरचा दोष नाही, महागडा घेतलात तरी थोडंफार होणारच. जेजे फ्लायओव्हरची परीक्षा तर सगळ्यात मजेशीर, पुलावर आहात की खाली मोहम्मद अली रोडच्या गर्दीत हे ॲपला नेमकं कळत नाही, त्याला वाटलं तुम्ही खाली आहात तर पुलाच्या मधोमध "डावीकडे वळा" सांगतो. अशा वेळी डोळे वापरायचे. वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि त्याचा सर्व्हिस रोड यांचंही तेच.

बोगद्यात जीपीएस मिळणार नाहीच. कोस्टल रोडचा प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी हा दोन किलोमीटरचा बोगदा, किंवा एक्सप्रेसवेवरचे भाताण, माडप, कामशेत, तिथे ठिपका थांबेल किंवा ॲप अंदाजाने पुढे ढकलेल, बाहेर आलात की काही सेकंदांत सावरला पाहिजे. मिनिटभर सावरला नाही तर रिसीव्हर गाडीत चुकीच्या जागी ठेवलाय असं समजा.

जागा म्हणजे डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या खाली, अँटेनाची बाजू वर. ग्लव्ह बॉक्समध्ये नको, सीटखाली तर नकोच. ब्लूटूथवाल्याचा हाच तर फायदा, टॅबलेट मागच्या सीटवर पोरांकडे असला तरी रिसीव्हर आकाशाखाली राहतो. काही गाड्यांच्या पुढच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो, तसं वाटलं तर रिसीव्हर बाजूच्या किंवा मागच्या काचेपाशी ठेवून बघा. एप्रिल-मे महिन्यात गाडी उन्हात उभी करून जेवायला उतरलात तर रिसीव्हर आणि टॅबलेट दोन्ही बरोबर न्या, लिथियम बॅटरी आणि तापलेला डॅशबोर्ड यांचं जमत नाही, आणि तापलेला आयपॅड तर सरळ स्क्रीनवर थर्मामीटर दाखवून काम बंद करतो. टॅबलेट ड्रायव्हरच्या समोर काचेवर चिकटवू नका, एवढा मोठा स्क्रीन रस्ताच झाकतो, बाजूच्या माणसाच्या मांडीवर बरा.

पावसाळ्यात लोक विचारतात की ढगांनी सिग्नल जातो का. ढग आणि पावसाने फारसं काही होत नाही, भिजलेल्या दाट झाडीने मात्र कमी होतो. खरा त्रास टचस्क्रीनचा, थेंब पडले की नकाशा स्वतःच झूम होत बसतो, तेव्हा झिपवाली प्लास्टिक पिशवी आणि स्क्रीन लॉक.

ट्रेकला टॅबलेट नेणार असाल तर रिसीव्हर सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, टॅबलेट आत, अधूनमधून काढून बघायचा. हरिश्चंद्रगडाच्या कड्याखाली किंवा सांधण व्हॅलीसारख्या घळीत आकाशाची पट्टीच दिसते, तिथे जागा पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे होऊ शकते किंवा येतच नाही, आणि सह्याद्रीत पन्नास मीटर म्हणजे कधी कधी कड्याच्या वर आणि खाली. ओपनस्ट्रीटमॅपवर दिसणारी पायवाट कोणीतरी स्वतः चालून आखलेली असते किंवा घरबसल्या सॅटेलाइट फोटोवरून, नकाशात दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा गावातला वाटाड्या घ्याच. जुन्या टोपोशीटचा (सर्व्हे ऑफ इंडियाच्या सविस्तर नकाशाचा) स्कॅन ॲपमध्ये लावणारे हौशी आहेत, त्यांनी बघावं की तो नकाशा एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) आहे की जीपीएस वापरतो त्या डब्ल्यूजीएस ८४ वर, एव्हरेस्टवाला तसाच लावला तर अख्खा गड सरकलेला दिसतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, ते घेतलेले बरे.

परत आल्यावर अँड्रॉइडवाल्यांनी मॉक लोकेशनमधून ते ॲप काढून टाकायचं आणि डेव्हलपर ऑप्शन्स बंद करायचे. ठेवलं तर काही बँकेची आणि यूपीआयची ॲप्स उघडायलाच नकार देतात, टॅक्सीची ॲप्स लोकेशन खोटं आहे म्हणतात, आणि कधी कधी टॅबलेट शेवटच्या जागेवरच अडकून पडतो, म्हणजे तुम्ही बोरिवलीत जेवायला काय मागवू बघताय आणि यादी येते महाबळेश्वरच्या हॉटेलांची. बंद करून एकदा रीस्टार्ट केलात की सगळं पूर्ववत.